डोंगरावरून आणलेला पोप

पोप चौथा निकोलस ४ एप्रिल १२९२ रोजी रोममध्ये वारला आणि त्याची गादी सत्तावीस महिने रिकामी राहिली. नवा पोप निवडण्याचा अधिकार बारा कार्डिनलांकडे होता. त्यांतला एक मधल्या काळात मरण पावला, उरले अकरा. निवडीला दोन तृतीयांश मते लागत, म्हणजे अकरांतली आठ. ती आठ मते एका नावावर येतच नव्हती.

याचे कारण धर्मशास्त्रात शोधून सापडणार नाही. ते रोमच्या दोन घराण्यांत होते, ओर्सिनी आणि कोलोन्ना. रोम शहरात दोघांच्या गढ्या होत्या, शहराबाहेर गावेच्या गावे होती, आणि आपल्या घरातला माणूस पोप झाला की जमिनी, पदे, किल्ले कसे पदरात पडतात हे दोघांनी अनुभवले होते. कार्डिनलांमध्ये मत्तेओ आणि नेपोलिओने हे दोघे ओर्सिनी. सगळ्यांत ज्येष्ठ असलेला लातिनो मालाब्रांका हाही आईकडून त्याच घराण्याचा. समोर कोलोन्नांचे काका-पुतणे, जाकोमो आणि पिएत्रो. बाकीचे कधी इकडे, कधी तिकडे. त्यांच्यात बेनेदेत्तो काएतानी नावाचा एक कसलेला कायदेपंडित होता. तो कोणाच्याच दावणीला बांधलेला नव्हता आणि वेळ येण्याची वाट पाहत होता. उन्हाळ्यात रोममध्ये तापाची साथ आली तेव्हा काही जण शहर सोडून रिएतीला गेले. शेवटी ऑक्टोबर १२९३ मध्ये सगळे पेरुजाला जमले, पण निकाल तिथेही लागला नाही.

मार्च १२९४ मध्ये पेरुजाच्या वेशीतून एक राजा आत आला, नेपल्सचा चार्ल्स दुसरा. सोबत त्याचा थोरला मुलगा चार्ल्स मार्तेल होता. या राजाला पोप हवा होता, आणि लवकर हवा होता. त्याची निकड समजली नाही तर पुढचे काहीच नीट समजत नाही, म्हणून जरा मागे जाऊ.

दक्षिण इटली आणि सिसिली मिळून एक राज्य होते आणि कायद्याने त्याचा मूळ धनी पोप होता. राजा हा त्याचा मांडलिक. चार्ल्सच्या वडिलांना, म्हणजे आंजूच्या पहिल्या चार्ल्सला, पोपांनीच फ्रान्समधून बोलावून हे राज्य दिले होते. पण मार्च १२८२ मध्ये सिसिलीच्या लोकांनी बंड करून फ्रेंचांना कापून काढले आणि स्पेनमधल्या आरागॉनच्या राजाला बोलावले. त्या युद्धात १२८४ साली नेपल्सच्या समुद्रात खुद्द हा दुसरा चार्ल्स, तेव्हाचा युवराज, शत्रूच्या हाती लागला. चार वर्षांनी त्याची सुटका झाली, ती तीन मुले ओलीस ठेवून. डिसेंबर १२९३ मध्ये त्याने आरागॉनशी तह ठरवला: सिसिली परत यायची, मुले परत यायची. पण राज्य पोपच्या मालकीचे, म्हणून तहावर पोपची मोहोर हवी. आणि पोपच नव्हता.

चार्ल्सने कार्डिनलांना घाई करायला सांगितले. त्यावर काएतानीने त्याला तोंडावर सुनावले आणि दोघांची चांगलीच जुंपली. राजा हात हलवत परत निघाला. परतीच्या वाटेवर सुल्मोना गाव लागते. गावाच्या डोक्यावर मोरोने नावाचा डोंगर आहे आणि डोंगराच्या कड्यावर एका कोठडीत एक म्हातारा तापसी राहत होता. चार्ल्स त्याला भेटायला वर गेला. त्या भेटीत काय बोलणे झाले याचा साक्षीदार कोणी नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी घडले ते मात्र नोंदलेले आहे.

५ जुलै १२९४. नेपोलिओने ओर्सिनीचा तरुण भाऊ घोड्यावरून पडून नुकताच गेला होता आणि बैठकीवर त्या मरणाची छाया होती. माणसाचा भरवसा नाही, आणि आपण दोन वर्षे ही काय भांडणे करत बसलो आहोत, असा सूर निघाला. तेव्हा वृद्ध मालाब्रांका म्हणाला, की एका सत्पुरुषाला दृष्टांत झाला आहे: गादी अशीच रिकामी ठेवलीत तर देवाचा कोप होईल. कोण हा सत्पुरुष, असे विचारताच त्याने नाव सांगितले. मोरोनेचा पिएत्रो. आणि लगेच जोडले, की माझे मत त्यालाच. एकेक करून सगळ्यांनी मान डोलावली. काही जण रडले. त्या अश्रूंत खोटेपणा होता असे मला वाटत नाही. थकलेल्या माणसांना एकाएकी वाट दिसली की असे होते. पण प्रत्येकाने मनात काय हिशोब केला असेल तोही उघड आहे: ऐंशी ओलांडलेला म्हातारा, कोणत्याच घराण्याचा नाही, फार दिवस जगणारही नाही.

हा पिएत्रो साधारण १२१० च्या सुमारास मोलिझेच्या डोंगराळ मुलखात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बारा भावंडांतला अकरावा. वडील लवकर गेले. आईची, मारियाची, फार इच्छा होती की एका तरी लेकराने देवाच्या कामाला वाहून घ्यावे. पिएत्रो बेनेडिक्टाइन मठात गेला. पण मठातला शिस्तबद्ध सामुदायिक दिनक्रमही त्याला गर्दीचा वाटला. तो मोरोनेच्या गुहेत जाऊन राहिला आणि तिथेही लोक येऊ लागले तेव्हा मायेल्लाच्या आणखी उंच, बर्फाच्या डोंगरात गेला. अंगाशी गाठी मारलेले खरखरीत केसांचे वस्त्र, कमरेला लोखंडी साखळी, रविवार सोडून रोज उपवास, वर्षातून चार वेळा चाळीस-चाळीस दिवसांची व्रते आणि त्यांतल्या तीन व्रतांत फक्त पाव आणि पाणी. बाप्तिस्मा देणारा योहान हा त्याचा आदर्श होता.

इतिहासाच्या पुस्तकांत पिएत्रोची ओळख बहुधा एका शब्दात होते: भोळा. मला तो शब्द मान्य नाही. ज्या माणसाला एकांत हवा होता त्याच्याभोवती शिष्य जमले, शिष्यांचे मठ झाले, मठांचा संघ झाला आणि १२६३ मध्ये पोप चौथ्या उर्बनने त्याला मान्यताही दिली. पुढे १२७४ साली फ्रान्समधल्या लियों शहरात धर्मपरिषद भरली आणि गेल्या काही दशकांत निघालेले नवे संघ मोडीत काढायचे असा विचार तिथे चालू झाला. हे कळताच साठी उलटलेला पिएत्रो अब्रुझ्झोच्या डोंगरातून निघाला आणि पायी लियोंला पोचला. मार्च १२७५ मध्ये पोप दहाव्या ग्रेगरीचे संरक्षणपत्र घेऊनच तो परतला. वाटेत लाकुइला शहराबाहेरच्या कोल्लेमाज्जिओ टेकडीवर तो मुक्कामाला थांबला, स्वप्नात माता मरिया आली आणि इथे माझे मंदिर बांध म्हणाली, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी चर्च उभे आहे. १२८८ मध्ये त्याचे अर्पण झाले. जमिनी मिळवणे, दानपत्रे करून घेणे, बांधकाम तडीस नेणे आणि राजदरबारी कामे करून घेणे या गोष्टी भोळ्या माणसाच्या हातून होत नाहीत. आपल्या माणसांसाठी झटताना पिएत्रो चिवट होता. त्याला एकच गोष्ट जमत नव्हती, आणि पुढे तीच महागात पडली: समोर हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणे.

निवडीची बातमी घेऊन लियोंचा आर्चबिशप आणि त्याचे सोबती जुलैच्या उन्हात मोरोनेची उभी चढण चढले. त्यांच्या मागोमाग कार्डिनल पिएत्रो कोलोन्नाही, कोणी पाठवलेला नसताना, वर आला. नव्या पोपला आधी आपले तोंड दिसावे म्हणून. या प्रसंगाचे वर्णन जाकोपो स्तेफानेस्की या रोमन तरुणाने लॅटिन पद्यात करून ठेवले आहे. हा पुढे स्वतः कार्डिनल झाला. कोठडीच्या गजांआड दाढी वाढलेला, फिकट, गाल बसलेला म्हातारा. रडून सुजलेले डोळे. खालून आलेले मोठे लोक गुडघ्यांवर बसले, तर त्यांच्यासमोर तोही गुडघ्यांवर बसला. मग त्याने प्रार्थना केली आणि होकार दिला.

का दिला? ज्याने पन्नास वर्षे माणसांपासून पळण्यात घालवली त्याने हे ओझे का घेतले, हा प्रश्न त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. माझ्या मते त्याला ती आज्ञा वाटली. पोप नाही म्हणून सारा ख्रिस्ती समाज पोरका आहे असे दृष्टांतातून तो स्वतःच सांगत होता; मग तू ये, अशी हाक आल्यावर त्याला तोंड फिरवता येईना. शिवाय त्या काळी इटलीत एक आशा घरोघर फिरत होती. बाराव्या शतकातल्या जोआकिम या मठाधिपतीच्या लिखाणातून लोकांनी असा अर्थ काढला होता की पवित्र आत्म्याचे नवे युग जवळ आले आहे आणि एक निर्मळ, दरिद्री पोप त्याची सुरुवात करील. शेंदूर फासून कोणी तरी देवमाणूस गादीवर बसवला असे नव्हे. हजारो गरीब माणसे त्याची खरोखर वाट पाहत होती.

कार्डिनलांनी कळवले, पेरुजाला या. राजा म्हणाला, कशाला, लाकुइलाला चला. लाकुइला चार्ल्सच्या राज्यात होते. म्हातारा लाकुइलाला निघाला आणि कार्डिनलांना तिकडे यावे लागले. पहिला डाव राजाने जिंकला होता. २९ ऑगस्टला कोल्लेमाज्जिओच्या चर्चमध्ये अभिषेक झाला. त्याआधी नवा पोप शहरात आला तो गाढवावर बसून, आणि गाढवाचा लगाम धरून दोन्ही बाजूंनी चालत होते एक राजा आणि एक राजपुत्र. आपल्याकडे गाढवावर बसवणे म्हणजे धिंड. तिथल्या लोकांना मात्र ते पाहून दुसरेच आठवले: येशू जेरुसलेममध्ये असाच आला होता. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्यांना भरून आले. लगाम कोणाच्या हातात आहे याकडे त्या दिवशी थोड्यांनीच पाहिले असेल. त्याने नाव घेतले सेलेस्टाइन, म्हणजे स्वर्गातला. या नावाचा तो पाचवा.

मालाब्रांका, ज्याने त्याचे नाव सुचवले, तो अभिषेकाआधीच १० ऑगस्टला वारला होता. कार्डिनलांमध्ये म्हाताऱ्याला वडीलकीने चार गोष्टी सांगणारे आता कोणी उरले नाही. राहिला राजा.

१८ सप्टेंबरला सेलेस्टाइनने एकदम बारा नवे कार्डिनल केले. येशूचे शिष्य बारा म्हणून बारा. पण त्यांतले सात फ्रेंच होते आणि बाकीचे जवळजवळ सगळे चार्ल्सच्या राज्यातले. दोन त्याच्या स्वतःच्या संघातले साधू. ऑक्टोबरच्या आरंभी आरागॉनशी झालेल्या तहावर मोहोर उमटली. राजाचा जेमतेम विशीतला मुलगा लुई, जो अजून स्पेनमध्ये ओलीस होता, त्याची लियोंच्या आर्चबिशपच्या गादीवर नेमणूक झाली. एकच पद दोघा-तिघांना दिल्याचे हुकूम निघाले. मोहोर केलेले कोरे कागद बाहेर गेले आणि त्यांवर ज्याला हवे ते त्याने लिहून घेतले. लॅटिनवर म्हाताऱ्याची पकड नव्हती, म्हणून बैठकी रोजच्या बोलीत चालत. कचेरीतल्या कारकुनांचे मात्र फावले. मागणारा आला की तो देई; पूर्वी तो भाकरी देई आणि आशीर्वाद देई, आता देण्यासारख्या वस्तू बदलल्या होत्या, हात तोच होता. स्वतःच्या संघाविषयीची मायाही त्याला आवरली नाही. मोन्ते कासिनो हा बेनेडिक्टाइनांचा मूळ मठ, सात-आठ शतकांची परंपरा असलेला. तिथल्या साधूंना त्याने सांगितले, काळा झगा टाका आणि आमचा करडा घाला. ते लोक दुखावले आणि त्यांचे दुखावणे रास्त होते.

पण याच काही आठवड्यांत त्याने तीन गोष्टी अशा केल्या ज्या राजाने सांगून झालेल्या नव्हत्या, निदान केवळ त्यामुळे तरी नव्हेत. पहिली, फ्रान्सिस्कन संघातले जे साधू संपूर्ण दारिद्र्याचा आग्रह धरत आणि त्यापायी आपल्याच वरिष्ठांकडून तुरुंगवास सोसत, त्यांना त्याने वेगळे होऊन राहण्याची मुभा दिली. आंजेलो क्लारेनो आणि त्याचे सोबती काही काळ मोकळा श्वास घेऊ शकले.

दुसरी गोष्ट निवडणुकीच्या कायद्याची. १२६८ ते १२७१ या काळात व्हितेर्बो गावात अशीच जवळजवळ तीन वर्षे निवड रखडली होती. तेव्हा गावकऱ्यांनी कार्डिनलांना वाड्यात कोंडले, खाणे तोडले आणि डोक्यावरचे छप्परही उतरवले. त्यातून निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये कायदाच केला: पोप वारला की कार्डिनलांना एका जागी बंद करायचे, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले की फक्त पाव, पाणी आणि वाईन. कार्डिनलांना हा कायदा नकोसा होता आणि दोन वर्षांत तो गुंडाळला गेला. सेलेस्टाइनने सप्टेंबर १२९४ मध्ये तो पुन्हा लागू केला. ज्या रखडलेल्या निवडणुकीने त्याला डोंगरावरून खाली ओढले होते, तशी वेळ पुन्हा येऊ नये याची तजवीज त्याने केली. राजालाही पुढची निवड आपल्या मुलखात आणि लवकर व्हावी असे वाटत असणार, हे खरे. तरी आज कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये दार बंद करून बसतात आणि बाहेर लोक धुराकडे डोळे लावून उभे राहतात, त्या प्रथेचा धागा सेलेस्टाइनने तुटू दिला नाही.

तिसरी गोष्ट लाकुइलासाठी होती. दर वर्षी २८ ऑगस्टच्या संध्याप्रार्थनेपासून २९ च्या संध्याप्रार्थनेपर्यंत जो कोणी खऱ्या पश्चात्तापाने कोल्लेमाज्जिओच्या चर्चमध्ये येईल त्याला पापांच्या शिक्षेची संपूर्ण माफी, असे फर्मान त्याने सप्टेंबरच्या अखेरीस काढले. अशी संपूर्ण माफी त्या काळी मुख्यतः धर्मयुद्धावर जाणाऱ्यांना मिळे. तलवार, घोडा आणि लांबच्या प्रवासाचा खर्च ज्याला परवडे त्याला. सेलेस्टाइनने ती मेंढपाळाला आणि मोलकरणीला देऊन टाकली, तीही एक पैसा न घेता. शेतकऱ्याचा अकरावा मुलगा पोप झाला की काय बदलते ते मला या फर्मानात दिसते.

शरद ऋतू सरत आला तसा चार्ल्स त्याला नेपल्सला घेऊन गेला. नोव्हेंबरमध्ये पोपचा मुक्काम राजाच्या नव्या किल्ल्यात, कास्तेल नुओवोत, पडला. रोम त्याने पोप म्हणून पाहिलेच नाही. किल्ल्यातल्या एका दालनात त्याने लाकडी फळ्यांची छोटी कोठडी बांधून घेतली आणि तिच्यात जाऊन बसू लागला. ख्रिसमसच्या आधीचा व्रतकाळ जवळ आला तेव्हा त्याने ठरवले, की कारभार तीन कार्डिनलांकडे सोपवावा आणि आपण व्रत करावे. मत्तेओ ओर्सिनीने विरोध केला: तीन पोप करून ठेवणार का? म्हाताऱ्याला ते पटले. मग त्याच्या मनात दुसरा प्रश्न सुरू झाला. पोपला पद सोडता येते का?

प्रश्न साधा दिसतो, तसा तो नाही. बिशपला राजीनामा द्यायचा तर तो पोपकडे देतो. पोपने कोणाकडे द्यायचा? पृथ्वीवर त्याच्या वर कोणी नाही. मग स्वीकारणार कोण? जुन्या कायदेपंडितांपैकी काहींनी, अशक्त झालेला पोप स्वतःहून बाजूला होऊ शकतो, असे मत नोंदवले होते. सेलेस्टाइनने ज्याला सल्ला विचारला तो बेनेदेत्तो काएतानीच, कारण कायदा त्याच्याइतका जाणणारा जवळपास दुसरा नव्हता. पुढे अफवा उठली, की काएतानी रात्री भिंतीतल्या नळीतून देवदूताच्या आवाजात, पद सोड, पद सोड, असे कुजबुजत असे. ही नंतरच्या वैऱ्यांनी रचलेली गोष्ट. तिची गरजही नव्हती, म्हाताऱ्याचे मन डोंगराकडे केव्हाच लागले होते. बातमी फुटली तेव्हा राजाने लोकांची मोठी मिरवणूक किल्ल्याखाली आणवली, जाऊ नका असा आकांत झाला. त्या वेळी त्याने गोड बोलून लोकांना परत पाठवले. पण विचार बदलला नाही. नाही म्हणणे ज्याला आयुष्यभर जमले नव्हते, त्याने या एका बाबतीत राजाला, राजधानीला आणि आपल्या शिष्यांना नाही म्हटले.

१३ डिसेंबर १२९४. कार्डिनलांच्या भरसभेत आधी त्याने, पोपला पद सोडता येते, हा कायदा जाहीर केला आणि मग स्वतःचा राजीनामा वाचला. कारणे त्याने लपवली नाहीत: नम्रतेची ओढ, अधिक चांगल्या जीवनाची इच्छा, सदसद्विवेकाची टोचणी, शरीराचे दुबळेपण, अपुरी विद्या, लोकांचा दुष्टावा आणि पूर्वीच्या शांत जिण्याची तहान. मग तो आसनावरून उतरला. अंगठी, मुकुट आणि झगा काढून ठेवला आणि आपला जुना करडा वेश अंगावर घेतला. अभिषेकाला पंधरा आठवडे झाले होते.

अकराव्या दिवशी, २४ डिसेंबरला, त्याच नेपल्समध्ये काएतानी निवडून आला. त्याने नाव घेतले बोनिफेस आठवा. सेलेस्टाइनने नव्याने लागू केलेल्या कायद्याखालीच ही झटपट निवड झाली. आणि दोन-चार दिवसांत बोनिफेसने सेलेस्टाइनची बहुतेक फर्माने रद्द करून टाकली. दारिद्र्यव्रती साधूंना देशोधडीला लागावे लागले. मोन्ते कासिनोचे साधू पुन्हा काळ्या झग्यात आले. कायद्याच्या दोन गोष्टी मात्र बोनिफेसने राखल्या आणि १२९८ च्या आपल्या धर्मकायद्याच्या संग्रहात घातल्या: निवडणुकीचा कायदा आणि पोपला पद सोडता येते हा नियम. दुसरा त्याला राखावाच लागला, कारण त्याचे स्वतःचे आसन त्यावर उभे होते.

आणि म्हणूनच तो म्हातारा त्याला मोकळा सोडवेना. सेलेस्टाइन काही करणार नव्हता, पण त्याच्या नावाने दुसरे पुष्कळ करू शकत होते. राजीनामाच खोटा, खरा पोप डोंगरावर आहे, असे कोणी एकाने म्हटले की ख्रिस्ती जग दुभंगायला वेळ लागणार नव्हता. बोनिफेसची ही भीती निराधार नव्हती. १२९७ मध्ये कोलोन्ना काका-पुतण्यांनी लेखी जाहीरनामा काढून राजीनामा खोटा असेच म्हटले. त्याच्या भीतीचे कारण मला पटते. तिच्यापायी त्याने जे केले ते पटत नाही.

बोनिफेस रोमला निघाला तेव्हा पिएत्रोलाही सोबत नेण्याचा हुकूम होता. वाटेत म्हातारा निसटला आणि थेट मोरोनेवर गेला. मागावर माणसे आली तेव्हा तिथूनही पळाला. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस हिवाळ्यात डोंगर आणि रानातून पूर्वेकडे, आपुलियाकडे, लपतछपत गेला. किनाऱ्यावर पोचून तो एका होडीत बसला. समुद्र ओलांडून पलीकडे ग्रीसच्या बाजूला जायचे, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. वारा उलटा फिरला. होडी व्हिएस्तेच्या किनाऱ्याला परत लागली आणि तिथे त्याला ओळखले गेले. मे १२९५ मध्ये राजाच्या माणसांनी त्याला पकडून बोनिफेसच्या ताब्यात दिले. लगाम धरून चालणारा राजा तोच होता.

रस्त्यात लोक त्याच्या झग्याचे धागे ओढून नेत होते, संताची आठवण म्हणून. आनान्यीला काही दिवस ठेवल्यावर बोनिफेसने त्याला फुमोनेच्या किल्ल्यात बंद केले. उंच सुळक्यावरचा हा किल्ला आजही आहे आणि तिथली कोठडी पाहायला मिळते. माणूस जेमतेम आडवा होईल एवढी. सोबतीला त्याच्या संघातले दोन साधू दिले होते. १९ मे १२९६ रोजी तो तिथेच वारला. शव जवळच्या फेरेंतिनोत पुरले.

कवी दांतेने आपल्या काव्यात नरकाच्या उंबऱ्यावर एक सावली उभी केली आहे, जिने भित्रेपणाने मोठा नकार दिला अशी. नाव त्याने घेतलेले नाही. जुन्या टीकाकारांपैकी बहुतेकांनी तो सेलेस्टाइनच मानला. दांतेच्या रागाचे मूळ मला त्याच्या शहरात दिसते. म्हातारा उतरला म्हणून बोनिफेस चढला, आणि बोनिफेसने फ्लॉरेन्सच्या राजकारणात हात घातला म्हणून १३०२ मध्ये दांतेला जन्मभराची हद्दपारी आली. कवी पेत्रार्कने मात्र पुढच्याच पिढीत, एकांतवासावरच्या आपल्या पुस्तकात, त्याच नकाराला मोकळ्या आत्म्याचे काम म्हटले. विसाव्या शतकात अब्रुझ्झोच्याच मातीतला लेखक इन्यात्सिओ सिलोने याने १९६८ साली सेलेस्टाइनवर नाटक लिहिले. फॅसिझम आणि कम्युनिस्ट पक्ष दोन्ही जवळून पाहिलेल्या या माणसाला, सत्ता आणि सदसद्विवेक एका घरात नांदू शकतात का, हा प्रश्न मोरोनेवरच्या म्हाताऱ्यात सापडला.

बोनिफेसची गोष्ट फ्रान्सच्या राजाशी भांडण्यात संपली. सप्टेंबर १३०३ मध्ये राजाच्या माणसांनी आणि स्कियारा कोलोन्नाने त्याला आनान्यीच्या त्याच्याच वाड्यात धरले. सुटका झाली, पण महिन्याभराने तो मेला. मग फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने बोनिफेसला मेल्यावरही बदनाम करण्यासाठी सेलेस्टाइन हाताशी धरला. त्याला संत करा, हुतात्मा करा, म्हणजे बोनिफेस खुनी ठरेल. ५ मे १३१३ रोजी आविन्योंमध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने त्याला संतपद दिले खरे, पण हुतात्मा म्हणून नव्हे. आणि सेलेस्टाइन या नावाने नव्हे, तर साधू पिएत्रो म्हणून. त्यामुळे तो राजीनामा खरा ठरला आणि बोनिफेसची निवडही. मेल्यावर सतरा वर्षांनीही त्याचा लगाम कोणी ना कोणी धरलेलाच होता.

१३२७ मध्ये त्याच्या अस्थी लाकुइलाला, कोल्लेमाज्जिओत, आणल्या. कवटीच्या डाव्या बाजूला एक छिद्र आहे आणि त्यावरून बोनिफेसने डोक्यात खिळा ठोकून मारवले ही कथा शतकानुशतके चालली. अलीकडच्या तपासणीत ते छिद्र मृत्यूनंतरचे असल्याचा निष्कर्ष निघाला. ६ एप्रिल २००९ च्या पहाटे लाकुइलात भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसे गेली, कोल्लेमाज्जिओच्या छताचा काही भाग कोसळला, पण त्याची काचेची शवपेटी ढिगाऱ्यातून सुखरूप निघाली. त्याच महिन्यात पोप सोळावे बेनेडिक्ट तिथे आले आणि आपल्या पदग्रहणाच्या वेळी खांद्यावर घेतलेला लोकरीचा पट्टा त्यांनी त्या पेटीवर ठेवला. तेव्हा त्यात फारसे कोणाला काही दिसले नाही. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी स्वतःच्या राजीनाम्याची घोषणा केली, तेव्हा लोकांना तो पट्टा आठवला.

बोनिफेसने रद्द केलेल्या फर्मानांत लाकुइलाच्या माफीचेही होते. त्याने ते चर्मपत्र परत मागितले. शहराने दिले नाही. सहा वर्षांनी, १३०० साली, बोनिफेसने स्वतःच रोममध्ये तशीच संपूर्ण माफी जाहीर केली आणि लाखो यात्रेकरू तिकडे लोटले. लाकुइलाचे चर्मपत्र शहरातच राहिले, चर्चच्या नव्हे, नगरपालिकेच्या ताब्यात. २०१९ मध्ये या माफीच्या वार्षिक उत्सवाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्वतः येऊन कोल्लेमाज्जिओचे माफीचे दार उघडले. एरवी दर २८ ऑगस्टला संध्याकाळी ते फर्मान मिरवणुकीने कोल्लेमाज्जिओला नेतात. बाजूच्या भिंतीतले दार वर्षभर बंद असते. ऑलिव्हच्या फांदीने त्यावर तीन वेळा ठोठावतात, दार उघडते आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत उघडे राहते.